जुन्नरची थंडी आणि राहून गेलेली भेट
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



प्रवासाविषयी चार शब्द सांगा, असा चिटणीसबाईंचा आग्रह झाला. माझा प्रवास काही काशी-रामेश्वराचा नव्हे. 2024 च्या डिसेंबरात आम्ही सहकुटुंब जुन्नरला तीन दिवस जाऊन आलो, एवढेच. पुण्याहून जुन्नर नव्वद-पंचाण्णव किलोमीटर. पण तेवढे अंतर कापायला मला साडेतीन वर्षे लागली.

जुन्नरजवळच्या एका गावी माझी बालमैत्रीण राहते. 2021 साली करोनाच्या साथीत तिचे यजमान वारले. तेव्हा जाण्या-येण्यावर निर्बंध होते. फोनवरच काय ते बोलणे झाले. पुढे रस्ते खुले झाले, तरी माझे जाणे झालेच नाही. आधी मुलीची परीक्षा, मग पाहुणे, मग पाऊस! खरे कारण निराळेच होते. इतक्या उशिरा कोणत्या तोंडाने जावे, हा संकोच. आणि उशीर होई तसतसा तो वाढतच जाई. शेवटी मुलांनी शिवनेरीचा हट्ट धरला आणि माझा नाइलाज झाला.

तिने दारातच मुलांवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि म्हणाली, “मावशीचं घर एवढं लांब आहे होय रे?” मला मात्र काहीच बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुक्यात आम्ही शिवनेरी चढलो. मुलाने सातही दरवाजे मोजले. शिवाईचे दर्शन घेतले. 1630 साली शिवराय जिथे जन्मले, ती जागा पाहिली. गंगा-जमुना टाक्यांचे पाणी हाताला बर्फासारखे लागले. संध्याकाळी शेकोटीभोवती हुरडा आणि लसणाची चटणी! त्या भागात उसामुळे बिबट्यांचा वावर फार, म्हणून दिवेलागणीनंतर तिने मुलांना अंगणाबाहेर पाऊल टाकू दिले नाही.

तिसऱ्या दिवशी नाणेघाट. कोकणातून देशावर चढणारी ही जुनी व्यापारी वाट. माथ्यावर दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकीत, असे म्हणतात. तिथून थोडे उतरले की लेणे लागते. त्याच्या भिंतींवर सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लेख आहे. तो सातवाहनांची राणी नागनिका हिचा मानतात. पतीमागे अज्ञान मुलाच्या वतीने तिने राज्यकारभार पाहिला, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. यज्ञांत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती आणि कार्षापण नाणी यांचे आकडे त्यात कोरलेले आहेत. राजकुलातील पुतळेही तिथे होते. आता वर नावे आणि खाली पायांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत.

हे सारे मी मुलांना सांगत होते. मैत्रीण भिंतीकडे पाहत म्हणाली, “हिनंही हिशेब लिहून ठेवला बघ. ह्यांच्या मागे मीसुद्धा पहिल्यांदा द्राक्षांच्या हिशेबाची वहीच उघडली. रात्री झोप यायची नाही, मग आकडे मांडत बसायची.”

त्या रात्रींत मी कुठे होते? माथ्यावर आल्यावर, मुले पुढे गेलेली पाहून, मी म्हटले, “मी तेव्हा यायला हवं होतं गं.”

“हवं होतं,” ती म्हणाली. बराच वेळ आम्ही दोघी समोरच्या जीवधन किल्ल्याकडे पाहत राहिलो. मग तिने माझा हात धरला. “आलीस ना आता! चल, डबे उघड. पोरं भुकेजली असतील.”

भगिनींनो, हिवाळ्यात हवा कोरडी, वाटा कोरड्या आणि मुलांना सुटी असते. जुन्नरला अवश्य जा. शाली, पाणी आणि विजेरी बरोबर घ्या. घाटाच्या कड्यावर वारा फार, तिथे मुलांचे हात सोडू नका. मात्र आपल्यापैकी प्रत्येकीचे असे एखादे घर असेल, जिथे जायचे राहून गेले आहे. आधी तिथे जा. ती चार शब्द कडू बोलेल, तर ऐकून घ्या. आमच्या मैत्रिणीने यंदाच्या हुरड्याचे आमंत्रण आताच देऊन ठेवले आहे, आणि या वेळी मी कोणतीही सबब काढणार नाही.