वाण आणि गुण

(डोंबिवलीतील पालक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



आपल्या भागात एक वाक्य पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. कुणी चमत्कारिक वागू लागला की, ‘याला ठाण्याला पाठवा’ असे म्हणतात. १९०१ साली ठाण्यात मनोरुग्णालय सुरू झाले आणि एका गावाचे नाव वेडाला जोडले गेले. डोंबिवलीच्या चाळीत मीही हे वाक्य हसत हसत म्हणत असे. मामा आमच्याकडे राहायला आला, त्या दिवसापासून आमच्या घरात ते कुणी उच्चारले नाही.

मामा एकविसाव्या वर्षी आजारी पडला. भिंतीपलीकडे कुणीतरी आपल्याविषयी बोलते आहे, असे त्याला ऐकू येई. आजाराचे नाव स्किझोफ्रेनिया आहे, हे कळायला आम्हाला अकरा वर्षे लागली. कारण लपविणे हाच आम्ही त्यावरचा उपाय मानला होता. बहिणीला पाहायला पाहुणे येत, तेव्हा मामाला शेजारच्या खोलीत नेऊन बसवीत. आणि मी पुस्तक मिटून उगाच खिडकीशी बसलो, की आईच्या डोळ्यांत एकच प्रश्न उभा राही : हा मामावर तर गेला नाही ना?

त्या प्रश्नाचे उत्तर तेव्हा तिला कुणी दिले नाही. आज तेच आपल्यापुढे मांडायचे आहे.

आपल्या भाषेत दोन म्हणी आहेत. एक म्हणते, ‘खाण तशी माती’. दुसरी म्हणते, ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’. पहिली रक्ताच्या बाजूने बोलते, दुसरी संगतीच्या. आपण सोयीप्रमाणे कधी ही, कधी ती वापरतो. विज्ञान मात्र दोघींना एकत्र बसविते.

स्किझोफ्रेनिया सर्वसाधारण समाजात शंभरात सुमारे एकाला होतो. आई किंवा वडिलांना तो असेल, तर मुलांमध्ये हे प्रमाण शंभरात दहाच्या आसपास जाते. मामा-भाच्यांच्या नात्यात ते तीन-चारच्या घरात असते. म्हणजे आनुवंशिकता खरी आहे. ती नाकारण्यात अर्थ नाही. पण हाच आकडा उलट बाजूने वाचा. माझ्यासारखे शंभर भाचे घेतले, तर त्यांतील शहाण्णव-सत्त्याण्णव जणांना हा आजार होत नाही. माझ्या आईने आयुष्यभर फक्त उरलेल्या तीन-चारांकडे पाहिले.

एकसारख्या जुळ्या भावंडांची जनुके जवळजवळ तंतोतंत सारखी असतात. तरीही एकाला हा आजार झाला, तर दुसऱ्याला होण्याची शक्यता शंभरात चाळीस-पन्नासच्या आसपास राहते. जनुके हीच जर ललाटरेषा असती, तर हा आकडा शंभर असता. शिवाय ‘वेडाचे जनुक’ असे एकच जनुक नाही. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या संशोधनात या आजाराशी संबंध असलेल्या अडीचशेहून अधिक जागा माणसाच्या जनुकसंचात सापडल्या. प्रत्येकीचा वाटा अगदी थोडा. त्यांच्या जोडीला जन्माच्या वेळची गुंतागुंत, बालपणी झालेला छळ, कोवळ्या वयातील गांजाचे व्यसन अशा गोष्टी आल्या, की धोका वाढतो.

परिस्थिती किती बदलू शकते, याचे स्वच्छ उदाहरण ‘फिनाइलकीटोन्युरिया’ या जन्मजात विकाराचे आहे. त्यात प्रथिनांतील एक घटक शरीराला पचविता येत नाही आणि बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते. दोष शंभर टक्के जनुकाचा. पण जन्मल्यावर लगेच तपासणी करून तो घटक बेताचाच असलेला आहार दिला, तर मूल चांगले शिकते, वाढते. जनुक तेच राहिले. ताट बदलले आणि आयुष्य बदलले.

येथे एक सावधगिरी हवी. परिस्थितीचे नाव घेतले, की लोक लगेच आईकडे बोट दाखवितात. गेल्या शतकाच्या मध्यात पाश्चात्त्य तज्ज्ञांनीही या आजाराचे खापर आईच्या स्वभावावर फोडले होते. तो विचार पुढे टाकून द्यावा लागला. रक्ताला दोष देणे आणि आईला दोष देणे, ही एकाच आळसाची दोन रूपे आहेत.

मग कुटुंबाच्या हाती काय उरते? पुष्कळ उरते. १९८७ साली चंदिगड आणि लंडन येथील रुग्णांच्या कुटुंबांचा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध झाला. सततची टीका जेथे असते, तेथे आजार उलटण्याचा धोका अधिक, हे आधीच दिसून आले होते. आणि चंदिगडच्या घरांत ती टीका लंडनपेक्षा पुष्कळच कमी आढळली. याचा अभिमान जरूर वाटावा. पण तो वाटण्यापूर्वी, ‘नुसता बसून खातो’ हे वाक्य आपल्या घरात दिवसातून किती वेळा उच्चारले जाते, ते प्रत्येकाने मोजावे.

माझ्या मामाला अकरा वर्षांनी औषध मिळाले. तो पूर्ण बरा झाला नाही. पण सकाळचे दूध आणू लागला, भाच्यांची पुस्तके बांधून देऊ लागला. तो म्हणे, ‘‘आवाज अजून येतात रे, पण आता मी त्यांना उत्तर देत नाही.’’ ती अकरा वर्षे त्याच्या जनुकांनी नेली नाहीत. ती आमच्या लाजेने नेली.

आज तशी सबब राहिलेली नाही. ज्या ठाण्याच्या नावाने आपण हसत होतो, त्याच ठाण्यात १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ ही संस्था उभी केली. मन आजारी पडले तर मोकळेपणाने मदत मागावी, हे तिने मराठी घरांना शिकविले.

लग्न जुळविताना आपण छत्तीस गुणांचा हिशेब करतो आणि घरातील आजार दडवून ठेवतो. तो सांगावा, ऐकणाऱ्याने समजून घ्यावा. आपण घरोघर जाणारी माणसे आहोत. एखाद्या घरात आतल्या खोलीचे दार नेहमी लोटलेले दिसले, तर चहा घेऊन उठू नका. आत कोण आहे, ते आपुलकीने विचारा. वाण आपल्या हाती नाही. शेजारी कोण बसणार, हे मात्र आपल्या हाती आहे.