बैठ्या खेळांची यात्रा

अमेरिकेंतील इंडियाना राज्याची राजधानी जें इंडियानापोलिस शहर, त्याला २०२४ सालचा उन्हाळा फारच धांवपळीचा गेला. जून महिन्यांत तेथील ल्यूकस ऑइल स्टेडियम या प्रचंड क्रीडागृहांत, फुटबॉलच्या मैदानावर पोहण्याचा तलाव उभारून, ऑलिंपिकला जाणाऱ्या जलतरणपटूंची निवड झाली. तो तलाव हलतो न हलतो तोंच जुलैंत त्याच छपराखालीं कॅथॉलिक पंथाची राष्ट्रीय परिषद भरली व हजारों भाविक गुडघे टेकून प्रार्थनेस बसले. आणि ऑगस्टच्या पहिल्या तारखेस त्याच जमिनीवर लांबच लांब टेबलें मांडलीं गेलीं व माणसें फासे टाकावयास बसलीं.

या तिसऱ्या समुदायाविषयीं आज मला चार शब्द सांगावयाचे आहेत. आपल्या भाषेंत खेळांचे दोन वर्ग सरळ पडतात, मैदानी आणि बैठे. पहिल्या वर्गांतल्यांना पदकें मिळतात. दुसऱ्यांतल्यांना बहुधा घरच्या वडील माणसांचीं बोलणीं. पट मांडून बसलेल्या प्रौढ माणसाकडे आपण ज्या नजरेनें पाहतों तींत थोडी कींव असते, आणि थोडा महाभारताचा धाकही असतो. 'जेन कॉन' ही निव्वळ बैठ्या खेळांची यात्रा. चार दिवसांत ७०,००० हून अधिक माणसें तेथें जमतात आणि त्यांतलीं बहुतेक प्रौढ व मिळवतीं असतात. कामधंदा टाकून तीं कशासाठीं येतात, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

या यात्रेचा उगम मोठा मौजेचा आहे. विस्कॉन्सिन राज्यांत सरोवराच्या कांठीं लेक जिनीव्हा नांवाचें लहान गांव आहे. तेथले गॅरी गायगॅक्स हे गृहस्थ शिकागोच्या एका विमा कंपनींत नोकरीला होते. टेबलावर रणभूमि मांडून, चिमुकले शिपाई सरकवीत जुन्या लढाया पुन्हां लढण्याचा त्यांना नाद. १९६७ सालीं असे कांहीं नादिष्ट त्यांच्या घरीं जमले. पुढच्या वर्षीं, २४ ऑगस्ट १९६८ रोजीं, त्यांनीं गांवांतील एक सभागृह ५० डॉलर भाड्यानें घेतलें व शंभरएक मंडळी आली. गांवाचें नांव आणि युद्धाच्या नियमांविषयींचा तो प्रसिद्ध जिनीव्हा करार, या दोहोंवर श्लेष साधून संमेलनाला नांव मिळालें. लुटुपुटूच्या लढाया लढणाऱ्यांना याहून समर्पक नांव कोठून मिळणार!

१९६९ च्या संमेलनांत गायगॅक्स यांची गांठ मिनेसोटाच्या डेव्ह आर्नेसन या तरुण विद्यार्थ्याशीं पडली. पुढच्याच वर्षीं गायगॅक्स यांची नोकरी गेली. घराच्या तळघरांत जोडे दुरुस्त करून ते संसार चालवूं लागले, आणि उरल्या वेळांत खेळांचे नियम लिहूं लागले. या दोघांच्या कल्पनेंतून १९७४ सालीं 'डंजन्स अँड ड्रॅगन्स', म्हणजे भुयारें आणि अग्निमुख सर्पांचा खेळ, बाहेर पडला. पहिल्या छपाईच्या प्रती अवघ्या १,०००. तोंवर खेळाडू सैन्य हलवीत असे. आतां प्रत्येकानें एकच पात्र घ्यावयाचें, त्याच्या तोंडून बोलावयाचें, आणि एकानें सूत्रधार होऊन पुढें काय घडतें तें सांगावयाचें. पात्राचें साहस साधलें कीं फसलें हें वीस पैलूंचा फासा ठरवितो. जिंकणें-हरणें असें येथें नाहींच. गोष्ट पुढें जाते, एवढेंच. पैसा आला तसे तंटेही आले. आर्नेसन यांनीं १९७९ मध्यें आपल्या हक्कासाठीं फिर्याद लावली, ती १९८१ मध्यें तडजोडीनें मिटली. आणि १९८५ मध्यें गायगॅक्स यांच्याच हातून त्यांची स्वतःची कंपनी निसटली. संमेलन मात्र वाढत राहिलें. १९८५ पासून तें मिलवॉकी शहरीं भरे, २००३ पासून इंडियानापोलिसला भरतें.

तेथें जाण्याची तयारी हिंवाळ्यांतच करावी लागते. प्रवेशाचा बिल्ला आधीं घ्यावयाचा. मग जवळपासच्या हॉटेलांतील खोल्यांसाठीं नांव नोंदवावयाचें, आणि तुमचा क्रम पहिला कीं पन्नास हजारावा हें दैवावर सोंपवावयाचें. फाशांच्या यात्रेंत निवाऱ्याचीही सोडत व्हावी, हें न्यायाचेंच म्हणावयाचें. कोणत्या तासाला कोणत्या टेबलावर बसावयाचें तेंही उन्हाळ्याच्या आरंभींच ठरतें, कारण खेळांचे कार्यक्रम हजारोंनीं असतात. त्यांतून २०२४ सालीं राज्याची मोठी शेतकी जत्राही त्याच शहरीं २ ऑगस्टलाच सुरू झालेली. तेव्हां गर्दीविषयीं अधिक काय सांगावें!

मी गेलों तो प्रेक्षक म्हणून कमी आणि दूत म्हणून अधिक. माझा भाचा त्या शहरीं संगणकाच्या कामावर आहे. काम बहुशः घरीं बसून. आठवड्यांत आपला आवाज आपल्या कानीं पडतो तो दुकानदाराचे आभार मानतांना, असें तो एकदां फोनवर हंसत म्हणाला, आणि माझ्या बहिणीला तें हंसणें रुचलें नाहीं. "दादा, तूं जातोच आहेस तर त्याला नीट बघून ये," ती मला म्हणाली. "परत ये म्हणावेंसें वाटलें तर तूंच म्हण. माझें तो ऐकायचा नाहीं."

शुक्रवारीं सकाळीं मी त्याच्यामागें खुर्ची ओढून बसलों. टेबलाशीं सहाजण, सगळे एकमेकांस अनोळखी. सूत्रधार म्हणून सेवानिवृत्त झालेल्या एक शिक्षिकाबाई होत्या. एक मालमोटार हांकणारा दांडगा गृहस्थ, एक जोडपें, आणि एक बाप व त्याची बारा वर्षांची मुलगी. माझ्या भाच्यानें पात्र घेतलें होतें तें एका म्हाताऱ्या वैद्याचें. नदीला पूर आलेला, पलीकडे गांवांत सांथ, आणि पुलावर एक राक्षस ठाण मांडून बसलेला, अशी बाईंनीं मांडणी केली. मोटारवाल्यानें लढून पाहिलें, त्याचा फासा उलटा पडला. मग बाईंनीं भाच्याकडे पाहून विचारलें, "वैद्यबुवा, तुम्ही काय करतां?"

श्रोतेहो, आईशीं फोनवर तीन वाक्यांपलीकडे न बोलणारा तो मुलगा त्या राक्षसाशीं अर्धा तास बोलत होता. तुला काय हवें, तूं येथें किती वर्षें बसला आहेस, पुलावरून जाणारे तुझ्याशीं कधीं बोलतात काय, असें विचारीत गेला. राक्षस, म्हणजे त्या बाई, म्हणाल्या कीं गांवचे लोक मला पाहून पळतात, आणि जातांना कांहीं कागद फेकून जातात. वैद्य म्हणाला, "मी तुला वाचावयास शिकवीन." टेबलावर क्षणभर कोणी बोललें नाहीं. बाईंनीं सांगितलें कीं राक्षस मानतो कीं नाहीं हें फासा सांगेल. पंधरा किंवा वर हवेत. पडले चार. तेव्हां ती मुलगी उठून म्हणाली, "मी त्यांच्याजवळ जाऊन उभी राहतें." सोबत्यानें साहाय्य केलें तर दुसरा फासा टाकतां येतो आणि दोहोंतला मोठा आंकडा धरतात, असा त्या खेळाचा नियमच आहे. दुसऱ्या फाशावर सतरा पडले. मोटारवाल्यानें टेबलावर अशी मूठ आपटली कीं शेजारच्या टेबलावरच्या सोंगट्या हालल्या.

खेळ चार तासांनीं संपला. चार तासांची ओळख ती केवढी, आणि हजारों लोक या यात्रेला एकटे येतात व एकटेच परत जातात, हेंही मीं पाहिलें. परंतु मोटारवाला भाच्याच्या घरापासून अर्ध्या तासाच्या अंतरावर राहणारा निघाला, आणि त्याच्या घरीं दर गुरुवारीं अशीच बैठक असे. रात्रीं जेवतांना मीं भाच्याला विचारलें, "आईला काय सांगूं?" तो म्हणाला, "मामा, एवढेंच सांगा कीं यापुढें गुरुवारीं मी घरीं नसतो." मीं शब्दशः तसेंच सांगितलें. बहिणीला तें कितपत पटलें कोण जाणे. परंतु गुरुवारीं ती आतां फोन करीत नाहीं.

प्रदर्शनाच्या दालनाविषयीं थोडक्यांत सांगतों, कारण बाजार सगळीकडचे सारखेच. दहाच्या ठोक्याला दारें उघडतात आणि माणसांचा लोंढा आंत शिरतो. रिचर्ड गारफील्ड या गणितज्ञानें रचलेला 'मॅजिक' हा पत्त्यांचा खेळ १९९३ मध्यें याच संमेलनांत लोकांपुढें आला; त्याचे पत्ते पुढें इतके मौल्यवान झाले कीं २०२३ सालीं, संमेलनाची मांडामांड चालूं असतां, दोघांनीं सुमारें तीन लाख डॉलर किंमतीचे पत्ते ढकलगाडीवर लादून सरळ चालते केले. खेळाला पैशाचा एवढा वास लागावा हें मला तरी बरें वाटत नाहीं.

पण एका गोष्टीसाठीं मी या संमेलनाच्या चालकांना मान देतों. मार्च २०१५ मध्यें इंडियानाच्या विधिमंडळानें धर्मस्वातंत्र्याच्या नांवानें एक कायदा केला. त्याच्या आधारानें समलिंगी गिऱ्हाइकांना दुकानदार दारांतून परत पाठवितील, अशी भीति पुष्कळांना वाटली. चालकांनीं गव्हर्नर माइक पेन्स यांना पत्र लिहून कळविलें कीं असा कायदा झाल्यास आम्हांस दुसऱ्या राज्याचा विचार करावा लागेल. गव्हर्नरांनीं सही केलीच. परंतु मोठमोठे उद्योगही उलटले, आणि एप्रिलमध्यें कायद्याला दुरुस्ती करावी लागली. धंद्याचें गणित त्यांत नव्हतेंच, असें मी म्हणत नाहीं. तरी ज्या यात्रेचा सगळा व्यवहार अनोळखी माणसाला "बसा" म्हणण्यावर चालतो, तिनें त्या शब्दापायीं लाखोंचा करार पणाला लावला, ही गोष्ट लहान नव्हे.

आपला या साऱ्याशीं संबंध काय, असें कोणी विचारील. एका गाळ्यावर जुन्या खेळांच्या पेट्या रचलेल्या होत्या, त्यांत 'पार्चीसी' दिसली. ही आपली पचिशी. एकोणिसाव्या शतकांत ती अमेरिकेंत गेली आणि तेथल्या घराघरांत रुजली. इंग्लंडांत तिलाच सोपें रूप देऊन १८९६ मध्यें 'ल्यूडो' या नांवानें हक्क नोंदविण्यांत आला, आणि तो ल्यूडो आपण आपल्या मुलांना विकत आणून देतों. आपला मोक्षपट असाच परदेशीं जाऊन 'सापशिडी' होऊन परत आला. पुण्यपापाचीं घरें वाटेंत गळलीं, साप तेवढे राहिले. भाच्याच्या गुरुवारच्या मंडळींना त्या पेटीवरच्या नांवाचा उलगडा नव्हता. त्यानें मला पत्र धाडून कवड्या मागविल्या आणि मीं सात कवड्या पाठविल्या. मोटारवाल्याला, म्हणे, कवड्या फाशापेक्षां अधिक आवडल्या, कारण त्या हातांत खुळखुळतात.

शनिवारच्या रात्रीचा एक प्रकार सांगून थांबतों, माझा वेळही होत आला आहे. संमेलनाच्या आरंभापासून लोक एका मोकळ्या जागेंत दान दिलेल्या पत्त्यांची एक नगरी उभारीत असतात. डिंक नाहीं, टांचणी नाहीं. पत्त्याला पत्ता टेकवून बुरूज, पूल, मनोरे. कोणी तासभर बसून एक खिडकी करतो आणि आपल्या खेळाला निघून जातो, दुसरा तिच्यावर मजला चढवितो. शनिवारीं रात्रीं सारे भोंवतीं गोळा होतात, खिशांतलीं नाणीं काढतात आणि ती नगरी नाण्यांनीं पाडतात. जमलेला पैसा धर्मकार्याला जातो. त्या बारा वर्षांच्या मुलीनें भाच्याकडून एक नाणें मागून घेतलें व सर्वांत उंच मनोऱ्यावर नेम धरला. तो चुकला. दुसरें मागितलें, तेंही चुकलें. तिसऱ्याला मनोरा कोसळला, आणि मग मुलें, म्हातारीं, सगळींच पत्त्यांच्या ढिगांत वांकून नाणीं वेंचूं लागलीं.