जखम, चित्र आणि चिकित्सक
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यान)



वणीकरांना भद्रावती काही दूर नाही. तेथील स्वप्नदेव केसरिया पार्श्वनाथांच्या मस्तकावरील नागफणा पाहिला की कमठाचा उपसर्ग आठवतो आणि त्याबरोबर छत्र धरणारा धरणेंद्रही आठवतो. मूर्तिकाराने रक्षणकर्त्याला स्थान दिले आहे. सर्वत्र असे घडत नाही.

कल्पसूत्राच्या जुन्या सचित्र पोथ्यांत भगवान महावीरांच्या उपसर्गांचे चित्र आढळते. प्रभू कायोत्सर्गात उभे आहेत, कानांत खुंट्या ठोकल्या जात आहेत. श्वेतांबर परंपरेतील कथा त्यापुढे जाते. सिद्धार्थ नावाच्या वणिकाकडे प्रभू भिक्षेस गेले असता तेथे बसलेल्या खरक वैद्याने मुखावरूनच वेदना ओळखली. दोघांनी मिळून शल्य काढविले व व्रणावर औषधी लावली. गोपालकाची कथा आबालवृद्धांना ठाऊक असते. वणिक व वैद्य यांची नावे विचारली तर सभा गप्प होते. व्यापारी समाजाला तरी हे शोभत नाही.

महाराष्ट्राच्या इतिहासात असेच एक उदाहरण आहे. कावसजी हा मराठा शेतकरी १७९२ च्या युद्धात इंग्रज फौजेचे बैल हाकीत असे. टिपूच्या कैदेत त्याचे नाक व एक हात कापला गेला. नाक कापणे या शब्दांचा आपल्या भाषेत काय अर्थ होतो, ते सांगावयास नको. वर्षाहून अधिक काळ तो तसाच वावरला. पुढे पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातीतील एका मनुष्याने त्याला नवे नाक बसवून दिले.

ती कृती पाहण्यासारखी आहे. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या आकाराचा करून तो सपाट केला आणि कपाळावर ठेवून कडेने रेघ आखली. शिंपी कापड बेतण्यापूर्वी आखतो तशीच. त्या मापाची कातडी सोडविली, परंतु दोन्ही डोळ्यांमधील पट्टी जोडलेली ठेवली, म्हणजे रक्तप्रवाह तुटत नाही. कातडी वळवून नाकाच्या जागी बसविली. सांध्यावर पाण्यात कालविलेला कात कापडाच्या पट्ट्यांना लावून पाच-सहा पट्ट्या एकावर एक ठेवल्या. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजविलेले कापड लावले. दहाव्या दिवशी नाकपुड्या मोकळ्या राहाव्यात म्हणून मऊ कापडाचे बोळे घातले. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास जोडपट्टी छेदली. सुश्रुताने नाकासाठी गालाची कातडी सांगितली आहे. येथे कपाळाची वापरली. मधल्या काळात ही विद्या पोथीबाहेर, कारागिरांच्या हातात जिवंत होती.

सवाई माधवरावांचे चित्र काढणाऱ्या जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराने कावसजीचेही चित्र काढले. त्यात कपाळावरील व्रण झाकलेला नाही. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये हा वृत्तांत चित्रासह आला. तो वाचून जोसेफ कार्प्यू या शल्यविशारदाने १८१४ साली लंडनमध्ये हीच शस्त्रक्रिया केली व १८१६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. युरोपात ती ‘भारतीय पद्धत’ म्हणून रूढ झाली.

त्या वृत्तांतात कावसजीचे नाव आहे. शस्त्रक्रिया पाहणाऱ्या क्रूसो व फिंडले या इंग्रज डॉक्टरांची नावे आहेत. नाक बसविणाऱ्याची केवळ जात लिहिलेली आहे.