लघुलेखकाचें एक चिन्ह

पिटमन यांनीं १८३७ सालीं प्रसिद्ध केलेल्या लघुलिपीचें तत्त्व सोपें आहे : ऐकूं येईल तो ध्वनि लिहावा आणि घाईंत स्वर गाळावे. सभेंतल्या भाषणांत हें खपतें; वाक्याचा ओघ चूक सांवरून घेतो. पण ताडोबाच्या कडेच्या गांवांतला शेतकरी जबानींत ‘बैल मारला’ म्हणाला, कीं ‘बैल मरला’? स्वर गाळल्यास दोन्हींची रेघ एकच! वाघानें मारला असेल तर सरकारी भरपाई मिळते. रोगानें मरला असेल तर वाघाच्या नांवावर कांहीं मिळत नाहीं. भामरागडाकडे तर माडिया बोलणें दुभाष्याच्या तोंडून कानीं येतें. म्हणून माझा नियम असा : नांव आणि क्रियापद यांना स्वरचिन्ह द्यावयाचेंच, शंका आल्यास पुन्हां विचारावयाचें. क्षणभर संकोच वाटतो खरा. पण गरिबाचा बैल कागदावर दुसऱ्यांदा मरत नाहीं.