करमणुकीच्या बागेतले जेवण आणि आपला फराळाचा स्टॉल

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही भाषण करणारी बाई नव्हे. शिक्षण सातवीपर्यंतचे. त्यानंतर वीस-बावीस वर्षे घर, सासू-सासरे, मुले आणि स्वयंपाक यांतच गेली. पण चिटणीसबाईंनी फारच आग्रह केला, आणि मलाही मंडळापुढे एक गोष्ट कबूल करायची होती, म्हणून उभी राहिले आहे. बोलण्यात चुकले तर सांभाळून घ्यावे.

आपल्या श्रीरामपूरच्या रामनवमीच्या यात्रेत यंदा मंडळाचा फराळाचा स्टॉल लावायचा ठरले आहे. त्या सभेत एक सूचना आली होती ती आपल्याला आठवत असेल. जो पाचशे रुपये आगाऊ भरील त्याला एक कार्ड द्यावे, त्याला दर बशीमागे सूट द्यावी आणि त्याची रांग वेगळी ठेवावी, म्हणजे गिऱ्हाईक बांधलेले राहील, अशी ती सूचना होती. ती सूचना माझीच होती. पुष्कळजणींनी टाळ्याही वाजवल्या. आज मी ती परत घ्यायला आले आहे. का, ते सांगते.

ही कल्पना मला माझ्या मुलाकडून मिळाली. तो पुण्याला नोकरीला आहे. त्याने एका मोठ्या करमणुकीच्या बागेचे वर्षाचे सभासदत्व घेतले होते. पूर्वी अशा बागा म्हणजे लांबची गोष्ट होती. 1989 साली मुंबईजवळ गोराईला एस्सेलवर्ल्ड निघाले, तेव्हा आपल्याकडची माणसे ते वर्तमानपत्रातच बघत. 2013 साली खोपोलीजवळ इमॅजिका सुरू झाले. आता तर आपल्या शिर्डीतच साईतीर्थ आहे आणि पाण्याची बागही आहे. मुले अशा जागांना थीम पार्क म्हणतात. माझा मुलगा म्हणाला, “आई, सभासदाला आतल्या हॉटेलांत दहा टक्के सूट असते, रांगेत ताटकळावे लागत नाही, आणि खर्च कराल तसे पॉइंट जमतात.” मला वाटले, किती छान! आणि दुसऱ्याच आठवड्यात मी सभेत ती सूचना मांडली.

त्यानंतर मे महिन्यात आम्ही त्या बागेत गेलो. बागेचे नाव मी सांगत नाही. मला कुणाची कागाळी करायची नाही, आणि जे झाले ते कुठेही होऊ शकले असते. आम्ही म्हणजे हे, मी, मुलगा, सून, दोन नाती आणि माझ्या सासूबाई. सासूबाईंचे वय चौऱ्याहत्तर, आणि त्यांना साखरेचा आजार आहे. मी पहाटे उठून बाजरीच्या भाकरी, मेथीची भाजी आणि शेंगदाण्याची चटणी फडक्यात बांधून घेतली होती. दारावर पिशव्या तपासल्या. बाहेरचे खाणे आत नेता येत नाही, असे सांगून आमचे फडके बाजूला ठेवून घेतले. सासूबाईंचा आजार सांगितला असता तर कदाचित नेऊ दिले असते. पण मागे माणसे खोळंबली होती, आणि चारचौघांत दुखणे कसे सांगायचे म्हणून मी गप्प बसले. तिथे पहिली चूक माझी झाली.

एक वाजता सासूबाईंनी जेवणाआधीची गोळी घेतली. साखरेची ही गोळी घेतली की थोड्या वेळात पोटात काही जावे लागते, हे आपल्यापैकी ज्यांच्या घरी हा आजार आहे त्यांना सांगायला नको. समोरच हॉटेल होते. दोन रांगा होत्या, एक सगळ्यांची आणि एक कार्डवाल्यांची. कार्डवाल्यांच्या रांगेत मी मोठ्या तोऱ्यात उभी राहिले. पण त्या दिवशी सुट्टी होती, आणि कार्डे इतकी झाली होती की आमचीच रांग लांब! अर्ध्या तासाने खिडकीशी पोचलो तर कार्ड मोबाइलमध्ये, आणि मोबाइल मुलाच्या खिशात. तो नातींना घेऊन झोपाळ्यांकडे गेलेला. त्याला बोलावून आणेपर्यंत आणखी पंधरा मिनिटे गेली. खिडकीवरच्या मुलीने सांगितले की थाळीवर सूट नाही, पाण्याच्या बाटलीवर नाही. फक्त शेवया आणि थंड पेये यांवर आहे. एकूण बिल झाले 1,180 रुपये आणि सूट मिळाली 64 रुपये. त्या 64 रुपयांचा हिशेब मी करत होते आणि मागे बाकावर सासूबाईंना दरदरून घाम सुटला होता. हात थरथरत होते. त्यांना धड बोलताही येईना.

भगिनींनो, तेवढ्या गर्दीत हे फक्त एका माणसाला दिसले. ताटे उचलणारा एक मुलगा होता, वीसेक वर्षांचा. त्याने हातातली ताटे तशीच टेबलावर ठेवली, आत जाऊन साखर घातलेले लिंबाचे सरबत आणले आणि म्हणाला, “आजी, घोट घोट घ्या. माझ्या आजीलाही असेच होते.” मग कुणाला न विचारता एका बशीत दहीभात घेऊन आला. दहा-पंधरा मिनिटांत सासूबाई सावध झाल्या. मी विचारले, “बाळा, कुठला रे तू?” म्हणाला, “पाथर्डीकडचा. आईबाप ऊसतोडीला जातात.” आपल्याच जिल्ह्यातला निघाला! तेवढ्यात त्याचा मुकादम आला आणि काम सोडून इकडे काय करतोस म्हणून त्याला बोलला. मुलगा काही न बोलता पुन्हा ताटे उचलायला लागला. त्या बशीचे पैसे आम्ही देऊ लागलो तर ती बिलात कशी घालायची हे खिडकीवरच्या मुलीला कळेना.

संध्याकाळी मुलाने सांगितले की आज इतके पॉइंट जमले. मला ते ऐकवेना.

घरी आल्यावर मी पुष्कळ विचार केला. कायमच्या गिऱ्हाइकाला सवलत देणे वाईट आहे का? तसे म्हणावे तर आपल्याकडे ते पूर्वीपासून आहे. माझे सासरे तरुणपणी मुंबईला गिरणीत होते. खाणावळीत महिना लावत. महिना लावणाऱ्याला महिन्यातून दोन वेळा गोडाधोडाचे जेवण असे, गावी जायचे तर आधी सांगून खाडे धरले जात, आणि पगार लांबला तर बाई जेवण थांबवत नसे. अशा खाणावळी चालवणाऱ्या बायकांना सावकाराऐवजी बँकेचे कर्ज मिळावे म्हणून 1975 साली प्रेमाताई पुरव यांनी मुंबईत अन्नपूर्णा महिला मंडळ काढले. म्हणजे सवलत तेव्हाही होती. पण खाणावळवाली बाई माणसाला ओळखत असे. हा दोन दिवस जेवला नाही, याला ताप आहे, याला आज पेजच द्यावी, हे तिला ठाऊक असे. कार्डाला फक्त आपण किती खर्च केला ते ठाऊक असते. सासूबाईंना साखर आहे हे त्याला कसे कळावे?

माझ्या मुलीने मला अमेरिकेतल्या डिस्नेलँडची माहिती वाचून दाखवली. जगातली ही नावाजलेली बाग 17 जुलै 1955 रोजी उघडली. पहिल्या दिवशी बनावट तिकिटे घेऊन हजारो माणसे जास्तीची शिरली. ऊन भयंकर होते, खाण्याचे पदार्थ संपले आणि पिण्याच्या पाण्याचे नळ पुरेसे नव्हते. नळकाम करणाऱ्यांचा संप झाला होता, म्हणून शौचकूप पुरे करावे की पाण्याचे नळ, असा प्रश्न पडला आणि त्यांनी शौचकूप पुरे केले. लोक म्हणाले, थंड पेये खपावीत म्हणून मुद्दाम नळ ठेवले नाहीत! बघा, एवढी मोठी बाग, पण लोकांच्या लक्षात राहिले ते घोटभर पाणी.

तिथेही पुढे वर्षाचे पास निघाले आणि पासधारकांना हॉटेलात सूट मिळू लागली. काही माणसे वर्षानुवर्षे पास घेत होती. पण कोविडच्या साथीत बाग बंद असताना जानेवारी 2021 मध्ये ती सगळी योजना बंद केली. उरलेल्या दिवसांचे पैसे परत दिले, हे खरे. मग ऑगस्टमध्ये नव्या नावाने नवे पास काढले. धंद्यात तसे करावे लागत असेल, त्यांना मी नावे ठेवत नाही. एवढेच म्हणते की कार्डाने जडलेला संबंध कार्डाबरोबर संपतो.

आता आपल्या जवळचे उदाहरण. शिर्डीच्या साई संस्थानच्या प्रसादालयात आपण सगळ्या जेवलो आहोत. एका वेळी हजारो माणसे बसतात. तिथे 2009 साली 73 मोठ्या सौर तबकड्या बसवल्या आणि सूर्याच्या उष्णतेवर वाफ करून स्वयंपाक होऊ लागला. चाळीस वर्षे शिर्डीला जाणारी माझी सासू आणि आज पहिल्यांदा आलेली परगावची बाई शेजारी शेजारी बसतात. तू किती वेळा आलीस असे कुणी विचारत नाही. साईबाबा स्वतः हंडीत अन्न शिजवून लोकांना वाढत असत असे साईसच्चरितात वर्णन आहे. तीच रीत पुढे चालली आहे.

कुणी म्हणेल, तिथे देणग्यांवर चालते, धंद्याची आणि धर्माची बरोबरी कशी होईल? खरे आहे. आपल्यालाही स्टॉलमधून शिवणवर्गाच्या यंत्रांसाठी पैसे उभे करायचे आहेत. फुकट वाटून कसे चालेल? पण पैसे घेऊनही माणसाकडे बघता येते, एवढेच माझे म्हणणे आहे.

जाता जाता दोन उपयोगाच्या गोष्टी सांगते. हॉटेलात बिलावर सेवाशुल्क म्हणून परस्पर रक्कम लावता येत नाही, असे ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 रोजी सांगितले, आणि 28 मार्च 2025 रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने ते कायम केले. आपण खुशीने द्यावे, नाही तर नको म्हणावे. तक्रार करायची असेल तर 1915 हा दूरध्वनी क्रमांक आहे. मात्र हॉटेलात बसून घेतलेल्या पाण्याच्या बाटलीला छापील किमतीपेक्षा जास्त घेता येते, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2017 चा निकाल आहे, तेव्हा तिथे उगाच भांडू नये. चित्रपटगृहांना बाहेरचे खाणे अडवता येते, पण पिण्याचे पाणी फुकट दिले पाहिजे, असेही त्याच न्यायालयाने जानेवारी 2023 मध्ये सांगितले. आणि घरी आजारी माणूस असेल तर दारावर लाजू नये. स्पष्ट सांगावे. मी लाजले आणि त्याची शिक्षा सासूबाईंना झाली.

आता माझी बदललेली सूचना.

एक, वेगळी रांग नको. रांग एकच. पण म्हाताऱ्या माणसांना, पोटुशी बाईला, कडेवर मूल असलेल्या बाईला आणि साखरेच्या आजाऱ्याला रांगच नको. त्यांना बाकावर बसवून बशी नेऊन द्यावी. रामनवमीला पुष्कळांचा उपास असतो, ऊन चढलेले असते, हे विसरू नये.

दोन, स्टॉलच्या पुढे आधी पाण्याचा माठ. तो सगळ्यांना, काही विकत घेवो न घेवो.

तीन, कार्ड ठेवायचेच असेल तर साधे कागदाचे ठेवावे. त्यावर दहा चौकोन. एक बशी घेतली की एक शिक्का, आणि दहा शिक्के झाले की अकरावी बशी मंडळाकडून. आगाऊ पैसे नकोत. मोबाइल नको. खिचडीला शिक्का आहे आणि भगर-आमटीला नाही, असे नको. ज्या बाईला अक्षर येत नाही तिलाही आपले शिक्के मोजता आले पाहिजेत. यंदाचे शिक्के पुढल्या वर्षीही चालावेत.

चार, आणि ही मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. स्टॉलवर एक बाई मोकळी ठेवावी. तिने वाढायचे नाही, पैसे घ्यायचे नाहीत, बशा धुवायच्या नाहीत. तिने फक्त बघायचे. पूर्वी लग्नाच्या पंगतीत घरची मोठी बाई हातात पळी न घेता फिरत असे. कुणाच्या पानात काय संपले, कोण लाजून मागत नाही, कोणाला ठसका लागला, हे ती बघे. पंगतीचे नाव तिच्यामुळे होई. त्या बागेत हॉटेल मोठे होते, माणसेही कष्टाळू होती, पण प्रत्येकाला आपापल्या कामाशी बांधून ठेवले होते. ज्याने मान वर करून बघितले त्याने बोलणी खाल्ली. आपल्या स्टॉलवर तसे बोलणे कुणाला खावे लागू नये. कामाची बाई कमी पडते असे कुणी म्हणेल. तर त्या दिवशी एक पदार्थ कमी करावा, पण बघणारी बाई कमी करू नये.

सासूबाई आज दुसऱ्या रांगेत बसल्या आहेत. हे भाषण मी त्यांना आधी वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, “सगळे बरे आहे, पण त्या पोराचे पैसे राहिले.” त्या दिवशी त्याचे नाव विचारायचे राहून गेले. म्हणून सासूबाईंनी ठरवले आहे की रामनवमीला आपल्या स्टॉलवर ऊसतोडीहून परतलेल्यांची जी मुले येतील, त्यांच्या पहिल्या दहा बशा त्यांच्याकडून. पैसे त्यांनी आजच खजिनदारबाईंकडे दिले आहेत.

आणि मोकळी फिरणारी बाई म्हणून माझे नाव लिहून घ्यावे, अशी विनंती करून मी आपली रजा घेते.