मुक्त संगणक प्रणाली : बसविण्याची वाट सोपी कशी झाली

विकत घेतलेल्या संगणकात संचालन प्रणाली बहुधा आधीच बसविलेली असते. ती बसविताना कोणते प्रश्न सोडवावे लागले, हे वापरणाऱ्यास कधी कळतही नाही. लिनक्सवर आधारलेल्या मुक्त प्रणालींचे तसे नाही. १९९१ साली हेलसिंकीतील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सचा गाभा लिहिला आणि देशोदेशींच्या जाणकारांनी तो वाढविला. प्रणाली विनामूल्य मिळे. परंतु ती स्वतः बसवून घ्यावी लागे, आणि खरी अडचण तेथेच होती.

प्रारंभी काळ्या पडद्यावर नुसती अक्षरे उमटत आणि डिस्कचे किती विभाग पाडावयाचे, कोणता कशासाठी, असे प्रश्न विचारले जात. जमिनीच्या मोजणीत चूक झाली तर फेरमोजणी मागता येते. येथे एका चुकीच्या उत्तराने हजेरीपट, हिशेब, पत्रव्यवहार सारेच पुसले जाण्याचा संभव. शाळेतल्या एकुलत्या एका संगणकावर हा धोका कोणता शिक्षक पत्करील? अशा वेळी माघार घेणाऱ्यास अडाणी ठरविणे अन्यायाचे होते. दोष प्रश्न विचारण्याच्या पद्धतीत होता.

या भीतीवर पहिला चांगला उतारा २००० साली जर्मनीतील क्लाउस क्नॉपर यांच्या 'नॉपिक्स'ने दिला. ही प्रणाली सीडीवरूनच चाले. डिस्कला हात लावण्याचे कारणच नसे. जून २००६ मधील उबुंटूच्या आवृत्तीने पुढचे पाऊल टाकले. आधी प्रणाली चालवून पाहावी, छपाईयंत्र व ध्वनी ठीक आहेत याची खात्री करावी आणि मग त्याच पडद्यावरून ती बसवावी, अशी सोय तीत झाली. आज सीडीची जागा पेनड्राइव्हने घेतली आहे.

भाषेचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा. नुसत्या अक्षरांच्या पडद्यावर देवनागरीची जोडाक्षरे व मात्रा नीट मांडणे कठीण होते. 'डेबियन' या प्रणालीने २००७ साली स्थापनेसाठी चित्रमय पडदा आणला आणि फेब्रुवारी २००९ च्या आवृत्तीत मराठीचा समावेश केला. डिस्क पुसण्याची सूचना मातृभाषेत वाचावयास मिळणे ही केवळ शोभेची गोष्ट नव्हे.

संगणक सुरू होण्याचा वेळही घटला. पूर्वी अंतर्गत सेवा एकामागून एक सुरू होत; २०१० साली आलेल्या 'सिस्टमडी'ने त्यांतील अनेक एकाच वेळी सुरू करण्याची व्यवस्था केली.

विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ च्या अटींत न बसणारे, पण धडधाकट असे संगणक अनेक कार्यालयांत व शाळांत आहेत, आणि त्यांच्यासाठी हा पर्याय विचारात घेण्याजोगा आहे. मात्र आधी सर्व कागदपत्रांची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी आणि ती अन्य संगणकावर उघडते का, हे पाहावे. एक गैरसोय अद्याप उरलीच आहे. संगणक पेनड्राइव्हवरून सुरू करण्यासाठी कोठे एफ२, कोठे एफ१२, तर कोठे डिलीट ही कळ दाबावी लागते. ते उत्पादकावर अवलंबून असल्यामुळे प्रणाली रचणाऱ्यांच्या हाती नाही.