पाणी, भात आणि सोमल



सोमल म्हटला की आपल्याला विषप्रयोगाच्या कथा आठवतात. परंतु आज आम्ही ज्या सोमलाविषयी बोलणार आहोत, तो कोणा वैऱ्याने कालविलेला नाही. तो गंगा-ब्रह्मपुत्रेच्या गाळात हजारो वर्षे पडून आहे. शास्त्रज्ञ त्याला आर्सेनिक म्हणतात.

पश्चिम बंगाल व आजचा बांगलादेश येथील खेड्यांतून लोक पूर्वी तळ्याचे पाणी पीत आणि पटकी-हगवणीने दगावत. म्हणून गेल्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे लक्षावधी कूपनलिका खणल्या गेल्या. हेतू उत्तम होता, पाणीही नितळ लागले. पण त्यात सोमल आहे काय, हे पाहण्याचे कोणाला सुचले नाही. १९८३ साली कलकत्त्याचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांनी अंगावर डाग पडलेले, तळहात-तळपाय खरखरीत झालेले रोगी तपासले आणि रोगाचे मूळ पाण्यात शोधले. या विषाला रंग नाही, वास नाही, चव नाही. वर्षानुवर्षे ते पोटात गेले, म्हणजे त्वचा, फुप्फुस व मूत्राशय यांचा कर्करोग संभवतो.

मग भाताचा संबंध काय? तेथील बोरो भात याच भूजलावर पिकतो. तुंबलेल्या पाण्याखाली मातीतील प्राणवायू सरतो, लोहाला चिकटलेला सोमल सुटा होतो, आणि सिलिका शोषण्याच्या वाटेनेच तो रोपात शिरतो. दाण्याच्या कोंड्यात तो अधिक साठतो. २०१४ साली कोडेक्स या आंतरराष्ट्रीय मंडळाने सडलेल्या तांदळासाठी असेंद्रिय, म्हणजे अधिक घातक, सोमलाची मर्यादा किलोमागे ०.२ मिलिग्रॅम ठरविली. परंतु मूठभर भात खाणारा आणि तिन्ही त्रिकाळ भातावरच राबणारा मजूर, यांच्या पोटात जाणारे विष सारखे कसे असेल? मर्यादा एक असली तरी भार गरिबावरच अधिक पडतो.

म्हणून भात टाकावा काय? मुळीच नाही. शेत अधूनमधून वाळू दिले तर सोमल कमी चढतो. आपल्या आजीबाई भरपूर पाण्यात भात शिजवून तो वेळीत. त्या रीतीने सोमलाचा बराच अंश निघून जातो. काही जीवनसत्त्वेही जातात, हे खरे. मात्र शिजविण्याचे पाणीच दूषित असेल तर विष उलट वाढते, आणि पाणी उकळून सोमल जात नाही.

तेव्हा दोष धान्याचा नव्हे, न तपासलेल्या पाण्याचा आहे. विहीर खणणे हे पुण्यकर्म खरे. पण तिचे पाणी तपासल्यावाचून ते पुरे होत नाही, एवढेच आमचे सांगणे.